प्रतिसाद: कांदा ट्रकनेच का जातो?

'रेल्वे स्वस्त, मग नाशिकचा कांदा ट्रकने का?' असं वर विचारलंय. नुसतं भाडं पाहून चालत नाही हो. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल, म्हणजे शेतमालाची खास गाडी, नाशिकजवळच्या देवळालीहूनच बिहारमधल्या दानापूरला सुटली, पुढे भाड्यात ५० टक्के सवलतही मिळाली. पण गोणी खळ्यावरून पिकअपमध्ये, तिथून डब्यात, उतरल्यावर पुन्हा टेम्पोत. दर चढउतारीला हमाली, वर मार बसलेला कांदा आधी सडतो. ट्रक थेट व्यापाऱ्याच्या दारात. भाव पडला तर ड्रायव्हरला फोन करून गाडी दुसऱ्या बाजारात वळवता येते; डबा कसा वळवणार? निर्यातीच्या द्राक्षांचं गणित वेगळंच, ती पॅकहाऊसपासूनच (जिथे माल निवडून पॅक होतो) रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये बसून न्हावाशेवा बंदर गाठतात.