ओल्या माळावरचं निळं फूल: जेन्शियानाच ना?

नेदरलँड्स, ड्रेंथमधला ओला हीदचा (खुरट्या झुडपांचा) माळ, ऑगस्टअखेर. वीतभर रोप, गर्द निळं तुतारीसारखं फूल, अरुंद पानं समोरासमोर. जेन्शियाना न्यूमोनॅन्थे म्हणू का?

उत्तर १: बहुतेक तीच. फूल बाजूने बघा: बाहेरून पाच हिरवट, ठिपकेदार पट्टे हवेत. पाकळ्यांच्या टोकांमध्ये छोटी घडी असते. घशात झालर असेल तर मात्र ती ‘जेन्शियानेला’ नावाची जवळची, पण वेगळी वनस्पती. वरून काढलेल्या फोटोत यातलं बरंच हुकतं.

उत्तर २: ढगाळ हवेत फूल मिटतं, तेव्हा पट्टे छान दिसतात. कळ्यांवर पांढरे ठिपके असतील तर कृपया हात लावू नका, ती अल्कॉन ब्लू फुलपाखराची अंडी. अळी आधी फुलातली कोवळी बीजं खाते, पुढे मिर्मिका मुंग्या तिला वारुळात नेऊन पोसतात.