जंगल ग्रामसभेचं, पण परवान्याचं पुस्तक कुणाकडे?

बांबूबन: गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा हक्क, मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या मालात, धरलाय. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागायचा, इथे गाव अडलं. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. एका पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागत असेल, तर बाकीच्या गावांनी कुणाची वाट पाहायची? अधिकार द्यायचे तर पैसा, कागद आणि शेवटचा शब्दही ग्रामसभेकडेच हवा.

कृष्णाकाठ: असहमत. मेंढ्यात सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय कायद्याच्या आधीपासून होती, ती सगळीकडे नाही. आणि नदीचं काय? पंचगंगेत कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी उतरतं आणि शिरोळ तालुक्यात आमच्यापर्यंत येतं. आमच्या ग्रामसभेने कितीही ठराव केले तरी वरच्या शहराला ते बंधनकारक नाहीत. इथे वरून दंडुका चालवणारं कुणीतरी लागतंच.

बांबूबन: नदीबद्दल मान्य, खोऱ्याचा कारभार एका गावाचा नाही. पण वरचा दंडुका नेहमी गावाच्या बाजूने पडतो का? ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या 12 ग्रामसभांनी 2013 मध्ये बॉक्साइट खाणीला नकार दिला, तोही सर्वोच्च न्यायालयाने त्यांना विचारायला लावलं म्हणून. पण पुढे 2022 च्या वन संवर्धन नियमांनी जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वळवायला केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, तीही राज्याच्या गळ्यात, असं करून टाकलं.

निवृत्त ग्रामसेवक: दोघांनाही एक विचारतो, काम करणार कोण? जैवविविधता कायदा 2002 चा, पण त्यातली गावची जैवविविधता समिती आमच्याकडे बरीच वर्षं फक्त कागदावर होती. हरित लवादाने जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि धावपळ सुरू झाली. बाहेरची माणसं आली, दोन दिवसांत लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-जीवांची आणि त्यांच्या उपयोगाची नोंद, भरून गेली. कोणत्या ओढ्यात कोणता मासा, कोणता पाला कशावर चालतो, हे ज्या बायांना तोंडपाठ, त्यांना कुणी विचारलंच नाही. माझी त्या नोंदवहीवर सही आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कृष्णाकाठ: मग हाच माझा मुद्दा नाही का? गावाकडे क्षमता नाही.

निवृत्त ग्रामसेवक: नाही हो. क्षमता त्या बायांकडे होती. माझ्याकडे तीन गावांचा कारभार होता आणि या कामासाठी एक रुपयाही वेगळा नव्हता.