कन्स्ट्रक्शन शिकवणारे सर आणि मॅडम : तुमचे अनुभव लिहा

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत सगळा गाजावाजा डिझाइनच्या सरांभोवती असतो. पण इमारत गळू नये, भिंतीला ओल येऊ नये, छज्जा पडू नये, हे शिकवतात ते बिल्डिंग कन्स्ट्रक्शन, मटेरिअल्स आणि स्ट्रक्चर्सचे शिक्षक. त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. त्यांनी नेमकं काय शिकवलं आणि आज साइटवर ते कुठे उपयोगी पडतं, ते सांगा. नावं द्यायची गरज नाही.

सुरुवात मी करते. आमचे सर वॉल सेक्शन, म्हणजे पायापासून गच्चीपर्यंत भिंतीचा उभा छेद, तपासताना पेन्सिलचं टोक गच्चीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "मी पावसाचा थेंब आहे, मला खाली न्या." मग टोक सरकू लागायचं. ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, उतार कुठल्या बाजूला? पॅरापेट (गच्चीचा कठडा) जिथे गच्चीला मिळतो त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे गोलाई, मारलाय का? पावसाळी पाइपचं तोंड कोब्याच्या खाली आहे की वर? छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवली आहे, की पाणी तिथून वळून भिंतीपर्यंत जातंय? थेंब जिथे अडकला तिथे शीट परत. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांची ड्रॉइंग्ज मी आजही तशीच तपासते.

साताऱ्याचा, सध्या पुण्यात प्रॅक्टिस

माझ्यासाठी हे शिक्षक म्हणजे वर्कशॉपमधले गवंडीकाका. फळ्यावर इंग्लिश बाँड (एक थर आडव्या, एक थर उभ्या विटांचा) शिकून आम्ही बाहेर यायचो आणि ते म्हणायचे, "आता कोपरा फिरवून दाखवा." सरळ भिंत कुणालाही जमते. कोपऱ्यावर मात्र नको तिथे सांध्यावर सांधा येऊ लागतो. तिथल्या हेडरच्या (भिंतीच्या जाडीत घातलेल्या विटेच्या) लगेच शेजारी उभी चिरलेली वीट, म्हणजे क्वीन क्लोजर, का लागते हे मला शीटवर कधी कळलं नव्हतं, तिथे हातात वीट असताना कळलं.

वीट पाण्यात टाकली की बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत बाहेर काढू द्यायचे नाहीत. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, मग सिमेंटला धरायला काही उरत नाही. पुस्तकातली मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची, आमच्याकडे भट्टीवरून यायची ती ९ × ४ × ३ इंचांची. म्हणून ड्रॉइंग काढायच्या आधी वीट मोजून या, हेही त्यांचंच सांगणं.

लातूर जिल्ह्यातला, १९९३ साली शिकत होतो

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. माझं आजोळ किल्लारीच्या पट्ट्यातलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

काही आठवड्यांनी कॉलेजात परतलो तर वर्गात एकच चर्चा : दगडाची घरं धोकादायक, आता सगळीकडे काँक्रीट. आमच्या स्ट्रक्चर्सच्या सरांनी ती ऐकून घेतली आणि आम्हाला त्या गावांत घेऊन गेले. पडलेल्या भिंतींजवळ उभं राहून त्यांनी दाखवलं की दोन-अडीच फूट जाडीची भिंत खरं तर दोन भिंती होत्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीत दाबलेली कपची. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले, आणि ज्या घरांत माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, भार या भिंतींवर होता तिथे मातीचं ते सगळं वजन आत झोपलेल्या माणसांवर आलं. मग ते आम्हाला पुढच्या गल्लीत घेऊन गेले. तिथे काही घरांच्या भिंती ढासळल्या होत्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा माळवद पेलून उभा होता. "हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. "याच गावच्या सुतारांनी. मग गावाला बांधता येत नव्हतं, असं म्हणू नका."

आरपार दगड, कोपऱ्यांची गुंफण, लिंटेलच्या (दारं-खिडक्यांवरच्या तुळईच्या) पातळीला चारी भिंतींवरून फिरणारा सलग पट्टा, वरची माती कमी करणं : हे सगळं त्यांनी तिथेच, त्या ढिगाऱ्यासमोर शिकवलं. मी गेली अनेक वर्षं मराठवाड्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो. दगडाची भिंत पाडायला सांगणाऱ्या प्रत्येक मालकाला मी आधी ती उघडून दाखवतो.

मुंबई

वेगळा अनुभव लिहिते, कारण तोही खरा आहे. आमचे एक सर सबमिशनच्या वेळी शीट फाडायचे. शाईने ट्रेसिंगवर रात्रभर काढलेली शीट, आणि चूक काय ते न सांगता. त्यांचा विषय मला आवडायचा. दोन वर्षं मी तरीही तो टाळला. भीतीमुळे शिस्त लागते असं कुणी म्हणू नये.

वाई परिसर

मेझर्ड ड्रॉइंगच्या मॅडम. मुंबईच्या सर जे.जे.मध्ये आर्किटेक्ट क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ आर्किटेक्चरचे प्रमुख होते. जुन्या इमारती मुलांकडून मोजून घ्यायची परंपरा त्यांच्या काळात तिथे रुजली, आणि आपण त्याच वाटेने जातोय, असं त्या सांगायच्या. आम्ही मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा मोजायला गेलो होतो. टेपचा शून्य एकाच कोपऱ्यात ठेवून पुढची सगळी मापं सलग वाचायची. तुकड्या-तुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्याची चूक पुढे साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे, कारण जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही. खांब मोजण्याआधी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, हात फिरवायला लावायच्या. ओल आधी हाताला कळते.

रत्नागिरी

थोडक्यात : जांभा. सर खाणीवर घेऊन गेले आणि ताजा काढलेला चिरा नखाने खरवडायला लावला. उघड्यावर राहिला की तो कडक होत जातो, म्हणून चिरे काही काळ ठेवून मगच वापरा. जांभा सच्छिद्र आहे, कोकणातल्या पावसात त्याला पुढे आलेलं कौलारू छप्पर हवंच. दगड उघडा ठेवायच्या हौसेपायी पागोळ्या आखूड करणाऱ्या प्रत्येक क्लायंटला मी हेच सांगतो.

पुणे, मी स्वतः कन्स्ट्रक्शन शिकवते

तुमचे अनुभव वाचून फार आनंद झाला. मुलं आता थ्रीडी मॉडेलमध्ये सळ्या सुंदर दाखवतात, पण बाल्कनीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला का, हे विचारलं की गप्प होतात. साइटवर दोन मिनिटांत कळतं : काँक्रीट भरण्याच्या आधी मजूर त्या सळ्यांवरून चालतात, खालच्या चेअर्स (सळई उचलून धरणारे आधार) कमी असतील तर सळई खाली बसते, आणि बाल्कनी नेमकी तिथेच कमजोर होते. अडचण अशी की साइटवर विद्यार्थी नेण्याची परवानगी हल्ली सहज मिळत नाही.

म्हणून इथेच विचारते. पुण्याच्या आसपास कुणाची साइट असेल आणि कँटिलिव्हर स्लॅबची (बाल्कनीसारख्या, एकाच बाजूने आधार असलेल्या स्लॅबची) सळई बांधून झाली असेल, तर काँक्रीट भरण्याच्या आदल्या दिवशी आम्हाला तासभर येऊ द्याल का? हेल्मेट आणि बूट आम्ही घेऊन येऊ.