मॅनिटू जिंकला, आता पात्र कुणी खेळायचं?

पत्तेपिसा
'डेडलँड्स' खेळणाऱ्यांसाठी हा धागा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शेन लेसी हेन्स्ली यांचा, १९९६ साली आलेला रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ. ३ जुलै १८६३ला गेटिसबर्गच्या रणांगणावर मेलेले सैनिक उठून उभे राहतात आणि तिथून अमेरिकेच्या इतिहासाला वेगळाच फाटा फुटतो. पुढे काउबॉय, पत्त्यांतून जादू काढणारे जुगारी, डोकं फिरलेले शास्त्रज्ञ आणि हवी तेवढी भुतं. खेळ चालवणारा तो मार्शल, आपली टोळी ती पॉसी.

आता मुद्दा. पात्र मेलं की पत्ते ओढायचे. जोकर निघाला तर गडी थडगं उकरून परत येतो, त्याला म्हणतात हॅरोड. देह मेलेला, माणूस तोच, पण आत मॅनिटू नावाचं एक पिशाच्च बिऱ्हाड करून बसलेलं. दोघांची ताब्यासाठी झटापट चालते, आणि मॅनिटू जिंकला की पात्राची माहिती लिहिलेला कागद मार्शल काढून घेतो आणि ते पात्र तोच खेळतो.

ही पद्धत मला साफ नामंजूर आहे. मॅनिटूसुद्धा खेळाडूनेच खेळावा.

गेल्या महिन्यात माझं पात्र, एक मेलेला डेप्युटी, झोपेत मॅनिटूशी हरलं. पुढचा दीड तास ते मार्शलकडे. माझ्याच माणसाने डॉज सिटीत तबेला पेटवला आणि मी वेफर्सच्या पाकिटाचा तळ खरवडत बसलो. नंतर दुसऱ्या टेबलावर वेगळा प्रयोग केला. मार्शलने नुसती चिठ्ठी दिली: 'उजाडायच्या आत डॉक्टरीणबाईंचा तुझ्यावरचा विश्वास उडाला पाहिजे.' कसा, ते मी ठरवायचं. बाई म्हणजे दुसऱ्या एका खेळाडूचं पात्र; त्यांचं दुखरं कुठे आहे हे सहा सेशन्स सोबत काढल्यामुळे मलाच ठाऊक होतं. इतका नीचपणा मार्शलला जमलाच नसता.

घाटावरचा_काउबॉय
नाही पटलं. झपाटल्याची भीती कशात आहे? आपले हात आपलं ऐकत नाहीत यात. तुम्ही सगळं ठरवून, मजा घेत करणार असाल तर ते झपाटणं कसलं, ते सोंग झालं. वेफर्स खात बसायला लागलं ना? तीच तर शिक्षा आहे!

शिवाय गुपिताचं काय? आपल्याकडे अंगात आलं की चार लोक जमतात, 'कोण तू, कुठनं आलास' असं विचारतात, सगळा उघड मामला. मॅनिटू स्वतःचं नाव सांगत नाही. तो तुमच्या आवाजात 'गुड मॉर्निंग' म्हणतो. चिठ्ठी हातात पडली की तुमचा चेहराच सांगणार.

पत्तेपिसा
आणि मार्शल कागद उचलून स्वतःकडे घेतो तेव्हा काय कुणाला कळत नाही? ते तर दवंडी पिटल्यासारखं. चिठ्ठी लपवता येते. आमचा मार्शल दर सेशनला सगळ्यांना चिठ्ठ्या वाटतो, बहुतेकांवर 'पाणी पी' एवढंच लिहिलेलं असतं.

वेताळटेकडी
दोघेही भलतीकडेच भांडताय. तबेला का पेटवला हा प्रश्न कुणी विचारला का? हॅरोडला संपवायचं तर मेंदू उडवावा लागतो, आणि मेंदू उडाला की आतला मॅनिटूही गेला. म्हणजे ज्या घरात तो राहतो त्याच्या छपराची काळजी त्यालाही आहे. असा प्राणी भर गावात आगी लावत सुटेल? तो फार तर बंदुकीतली एक गोळी काढून ठेवेल. एखादं पत्र पोचू देणार नाही. सकाळी तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा बूट चिखलाने भरलेले, बस्स. त्या बुटांवर आमची तीन सेशन्स चालली होती.

तुमच्या मार्शलला मॅनिटू खेळता येत नाही, म्हणून नियमाला का बोल लावता?

रात्रपाळी
मला तर हॅरोडच नको झालाय. जोकर निघाला की मरणाऱ्याला शिक्षा नाही, बढती मिळते! छातीत गोळी बसली तरी ढिम्म, श्वास घ्यायला नको, वर नख्या फुटायच्या, जखमा आपोआप शिवल्या जायच्या. माझी जिवंत शाळामास्तरीण कोपऱ्यात दिवा धरून उभी.

वेताळटेकडी
बढती खरी, पण वास मारतो हो. कुजल्याचा दर्प दाबायला सतत व्हिस्की ढोसावी लागते. हे मार्शल लोक विसरतात. गाव कोरडं आहे, पाद्रीबुवा दारूचे कट्टर वैरी आहेत, असा एक प्रसंग घाला, मग मास्तरीणबाईच त्याला चोरून बाटली आणून देतील. दिवा सुटेल हातातला.

अक्षरशत्रू
अवांतर: 'मॅनिटू' हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषांमधला शब्द. तिथे तो आत्मा, दैवी शक्ती अशा अर्थाने येतो, आणि त्यातले सगळे काही वाईट नसतात. जिवंत समाजाच्या श्रद्धेतला शब्द उचलून सरसकट सैतानाला चिकटवलेला मला तरी खटकतो.

पत्तेपिसा
खटकण्यासारखंच आहे. आमच्या टेबलावर आम्ही त्याला 'भाडेकरू' म्हणतो. पुणेकरांना भीती लगेच पोचते.

रात्रपाळी
हसू आलं, पण मूळ मुद्द्यावर माझं मत लिहायचं राहिलं. आमच्याकडे तुमच्यासारखंच खेळाडूच्या हातात दिलं होतं. त्याने माझ्या पात्राचा धाकटा भाऊ मारला, अगदी रंगवून रंगवून. सेशन संपल्यावर चहा पिताना म्हणतो, 'अगं मी नाही, मॅनिटूने मारलं.' हेच मार्शलने केलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, राग आला नसता. मार्शल वाईट वागणारच, ते त्याचं कामच आहे. मित्राने केलं की ते टेबलावरून उठून घरी येतं. तुमच्या डॉक्टरीणबाई कोण खेळत होतं? त्यांना विचारलंत का कधी?

पत्तेपिसा
नव्हतं विचारलं. हा प्रतिसाद वाचून आत्ता मेसेज केला. उत्तर आलं: 'सीन भारी होता. पण रात्री झोप आली नाही, आणि तुला मजा येत होती ते दिसत होतं.'

म्हणजे मी अर्धा हरलो. पात्र खेळाडूकडेच राहावं यावर मी अजून ठाम आहे. पण दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचा विश्वास, नातेवाईक, घोडा, यातल्या कशालाही हात लावायचा असेल तर चिठ्ठी आधी त्या खेळाडूकडे जावी. त्याने मान डोलावली तरच ती माझ्याकडे यावी.

घाटावरचा_काउबॉय
म्हणजे आता सगळ्यांना आधीच ठाऊक! गुपिताचं राहू द्या, हे तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र झालं.

वेताळटेकडी
मॅनिटू आहे हे कळेल, केव्हा ते कळणार नाही. बघा खेळून.

पत्तेपिसा
येत्या शनिवारी बघतो. डेप्युटीकडे नशीब सावरायची एकच निळी चिप उरली आहे आणि डॉक्टरीणबाईंनी आत्तापासूनच त्याची व्हिस्की लपवून ठेवली आहे.