सेल्माच्या फोटोतला पांढऱ्या दाढीचा प्राध्यापक

दुपारचा_वाचक

फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. मार्च 1965, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं सेल्मा, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठीचा मोर्चा. मार्टिन ल्यूथर किंग, राल्फ अ‍ॅबरनथी, राल्फ बंच एका ओळीत चाललेत, गळ्यात फुलांच्या माळा, आणि त्याच ओळीत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. वर्षानुवर्षं मी त्याला कुठला तरी पाद्री समजत होतो. गेल्या महिन्यात कळलं की हे अब्राहम जोशुआ हेशेल, न्यूयॉर्कमधले ज्यू धर्मशास्त्राचे प्राध्यापक. वॉर्साला जन्म, 1940 मध्ये अमेरिकेत आले. फोटोत वय 58. 'म्हातारा' हा शब्द मागे घेतो, कारण मी स्वतः 61 चा आहे.

मग त्यांचं शब्बाथवरचं, म्हणजे ज्यूंच्या सातव्या दिवसाच्या विसाव्यावरचं, 1951 सालचं छोटं पुस्तक मिळवून वाचलं. इतकं शांत पुस्तक मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही. सहा दिवस आपण जागेच्या मागे धावतो, सातव्या दिवशी वेळेत राहायला शिका, असं काहीसं त्यांचं म्हणणं. हे लिहिणारा माणूस मोर्चाच्या पहिल्या रांगेत कसा? अभ्यासातला प्राध्यापक आणि रस्त्यावरचा प्राध्यापक अशी दोन आयुष्यं होती का त्यांची? आणि जाता जाता, त्या माळा कुणी घातल्या?

कोपऱ्यातली_खुर्ची

माळांचं सांगतो. त्या हवाईहून आल्या होत्या, तिथल्या एका पाद्र्याने मोर्चेकऱ्यांसाठी पाठवलेल्या.

बाकी हेशेल नंतर म्हणाले होते की चालताना आपले पाय प्रार्थना करताहेत असं वाटलं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. वारी केलेल्या कुणालाही विचारा.

शाईचा_डाग

वारीची उपमा मलाही आधी आवडली होती, आता खटकते. वारकऱ्यांना पोलीस वाट करून देतात. सेल्माच्या पुलावर 7 मार्चला पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला होता. 21 तारखेला माणसं पुन्हा त्याच पुलावरून गेली, या खेपेला सैनिकांच्या बंदोबस्तात. मागणी काय, तर मतदार यादीत नाव. तो कायदा ऑगस्टमध्ये झाला. पाय प्रार्थना करत असतील, पण त्या प्रार्थनेत एक अर्जही होता.

आता मूळ प्रश्न. मी न्यूयॉर्कला धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होते तेव्हा आमच्या सरांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याच्या प्रबंधाचा विषय बघ." एवढंच. तेव्हा राग आला. आता मीही तेच सांगणार आहे, फक्त जरा लांबण लावून.

प्रबंध बर्लिन विद्यापीठातला, विषय बायबलमधले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारे. लिहून झाला आणि जानेवारी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू माणसाचा प्रबंध जर्मनीत छापणार कोण? शेवटी 1936 मध्ये तो पोलंडच्या क्राकोमधल्या अकादमीने छापला. त्यात हेशेल म्हणतात की ग्रीकांचा देव जगाला हलवतो पण स्वतः हलत नाही. संदेष्ट्यांचा देव तसा नाही, माणसाच्या वागण्याने त्याला दुखतं. ते दुखणं ज्याला आतून जाणवतं तो संदेष्टा.

आपल्याकडे विठ्ठल जनाबाईला दळू लागतो, त्यामुळे देवाला कळवळा येतो याचं आपल्याला नवल नाही. पण या संदेष्ट्यांपैकी आमोस घ्या, त्याचा देव दळू लागत नाही. तो विचारतो, मापात खोट कुणी केली? जोड्याच्या किमतीला गरीब कुणी विकला? इथे मला फार मोठा फरक दिसतो.

पुढचं वाचताना प्रबंध डोक्यात ठेवा. ऑक्टोबर 1938 मध्ये जर्मनीने पोलिश पासपोर्टवाल्या ज्यूंना हाकललं, त्यात हेशेलही होते. फ्रँकफर्टला भाड्याच्या खोलीतून उचललं. बरोबर दोन बॅगा, त्यात हस्तलिखितं आणि पुस्तकं. वॉर्साला आले आणि तिथूनही युद्ध सुरू व्हायच्या काही आठवडे आधी लंडनला निसटले. अमेरिकेचा 1924 चा कायदा देशवार कोटा लावणारा होता, पोलंडसाठी रांग न संपणारी. त्यात एक फट होती: धर्मगुरू आणि महाविद्यालयातले प्राध्यापक कोट्याबाहेर. सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजचे अध्यक्ष ज्युलियन मॉर्गनस्टर्न यांनी त्याच वाटेने युरोपातले बरेच अभ्यासक सोडवायचा प्रयत्न केला, त्यात हेशेलही. 'प्राध्यापक' हा शब्द आपण नावामागे लावायला वापरतो. तिथे तो जीव वाचवत होता.

आई आणि तीन बहिणी मागे राहिल्या. चौघीही नाझींच्या काळात गेल्या. जर्मनीत किंवा पोलंडमध्ये हेशेल पुन्हा कधी पाऊल टाकायला गेले नाहीत. 1965 मध्येच एका भाषणात त्यांनी स्वतःला आगीतून ओढून काढलेलं लाकूड म्हटलं. ही प्रतिमाही संदेष्ट्यांचीच, जखऱ्याच्या पुस्तकातली.

सिनसिनाटीचं कॉलेज ज्यूंच्या सुधारणावादी पंथाचं, जुने नियम सैल करणारं. हेशेल हसिदी या परंपरानिष्ठ, भक्तिमार्गी पंथाच्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) घराण्यातले, खाण्यापिण्याचे नियम काटेकोर पाळणारे. कॉलेजचं जेवण त्यांना चालत नसे, म्हणून वसतिगृहातल्या खोलीत स्वतःचं वेगळं ठेवत. ज्यांनी वाचवलं त्यांच्याच पंगतीला बसता येत नाही, हा अवघडलेपणा मला सेल्माच्या फोटोपेक्षा जास्त बोलका वाटतो. त्याचा फोटो नाही, एवढंच. पाच वर्षांनी, 1945 मध्ये, ते न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

आता रस्ता. तो जुना प्रबंध त्यांनी वाढवून इंग्रजीत पुन्हा लिहिला, 1962 मध्ये पुस्तक आलं. पुढच्याच जानेवारीत शिकागोला धर्म आणि वंशभेद या विषयावर परिषद झाली, तिथे किंग भेटले. 1972 च्या अखेरीस, मृत्यूच्या थोडंच आधी दिलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की मला अभ्यासिकेतली शांतता प्रिय होती, संदेष्ट्यांवरच्या या पुस्तकाने मला बाहेर काढलं. म्हणजे दोन आयुष्यं नव्हती. तीस वर्षं एकाच पुस्तकावर बसलेला माणूस होता तो.

उलट_तपासणी

छान लिहिलंय, पण थोडी आरती होतेय. सेमिनरीत त्यांना फारसा मान नव्हता असं मी वाचलंय. आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करायची ज्यू प्राध्यापकाला काय गरज? आपला समाज सांभाळायचा सोडून?

शाईचा_डाग

पहिलं बरंचसं खरं. तिथे तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाची काटेकोर पाठचिकित्सा म्हणजे खरी विद्वत्ता, असं वातावरण होतं. देवाला दुखतं वगैरे लिहिणारा माणूस त्या तराजूत कवी ठरायचा. त्यांचे बरेच तास शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसाठी असत.

दुसरं पटत नाही. समाज सांभाळायचा म्हणता, तर सप्टेंबर 1964 मध्ये पोप पॉल सहावे यांना भेटायला कोण गेलं? कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेच्या ज्यूंविषयीच्या मसुद्यात, ते एक दिवस ख्रिस्ती होतील अशी आशा आली होती. धर्मांतर की मरण असा पर्याय असेल तर मी ऑशविट्झला जायला तयार आहे, असं हेशेल यांनी उघड सांगितलं. 1965 च्या अंतिम मजकुरात तसली धर्मांतराची भाषा नव्हती. श्रेय एकट्याचं नाही, पण आपल्या लोकांसाठी इतकं ताठ उभं राहणारा माणूस इतरांसाठीही उभा राहिला, यात मला विसंगती दिसत नाही.

आणि 1968. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणाला किंग त्यांच्या घरी येणार होते. सण 12 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होत होता. किंगना 4 तारखेला गोळी घातली.

दुपारचा_वाचक

हे शेवटचं माहीत नव्हतं. थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

1962 चं पुस्तक मागवतोय. जाड आहे म्हणे. सुरुवात कुठून करू?

शाईचा_डाग

पहिल्या प्रकरणापासूनच. 'संदेष्टा हा कसला माणूस' एवढाच त्याचा विषय आहे. त्यानंतर लगेच आमोस येतो. झोपायच्या आधी वाचू नका, झोप येत नाही.