मदत हवी आहे : कारागिरीला ‘परिपूर्ण’ म्हणावे का?

नमस्कार. सावंतवाडीच्या गंजिफांवरील (हाताने रंगवलेल्या गोल खेळण्याच्या पत्त्यांवरील) माहितीफलकाचा मजकूर लिहिताना एका शब्दापाशी अडले आहे, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे. दशावतारी गंजिफांच्या संचात दहा अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 पाने असतात. त्यामुळे ‘परिपूर्ण संच’ असे लिहिले की वाचणारा ‘एकही पान गहाळ नाही’ असाच अर्थ घेईल, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ‘पूर्ण’ म्हणजे मुळात भरलेले आणि ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी. मला मात्र गोल पानावर कुंचल्याने ओढलेली मत्स्यावताराची बारीक, कुठेही न थरथरलेली रेघ वर्णायची आहे. ‘निर्दोष’ हा शब्द केवळ उणीव नसल्याचे सांगतो. त्यात कौतुक उमटत नाही. ‘बावनकशी’ मला सर्वांत जवळचा वाटतो, पण कसोटीला उतरलेल्या सोन्यावरून आलेला हा शब्द माणसाच्या गुणांना शोभतो, तसा चित्रातील रेषेला शोभेल का? हस्तकौशल्यासाठी वरील शब्दांपैकी कोणताही शब्द जुन्या मराठी लेखनात वापरलेला कोणाच्या पाहण्यात असल्यास ते वाक्य कृपया संदर्भासह कळवावे. ‘परफेक्ट’ हा पर्याय फलकावर नको आहे.