रीसेल फ्लॅट: सोसायटी ‘बिल्डिंग फंडा’चे ७५,००० मागतेय

वनबीएचके_शोध:
ठाण्यात १९९४ च्या इमारतीत वन बीएचके पसंत पडलाय, टोकन दिलेलं नाही. सेक्रेटरी म्हणतात, एनओसी हवी तर ट्रान्सफरचे २५,००० आणि वर बिल्डिंग फंडाला ७५,००० भरा. हे चालतं का? मेंटेनन्स २,९०० आहे. कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) ‘प्रोसेसमध्ये’ आहे म्हणे. फ्लॅट भाड्याने देणार आहे.

उपविधी_वाचक:
७५,००० द्यायचं काही कारण नाही. महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियमची (तुमचे ते ट्रान्सफरचे पैसे) कमाल मर्यादा २५,००० (शासन निर्णय, ९ ऑगस्ट २००१), आणि तोही सर्वसाधारण सभेने ठरवला असेल तेवढाच. शिवाय हस्तांतर फी ५००, प्रवेश फी १००. देणगी म्हणा, फंड म्हणा, सक्तीने वर काही घेता येत नाही.

गंमत म्हणजे आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) हस्तांतराला एनओसी लागतच नाही, ती मागते कर्ज देणारी बँक. तिथेच अडवणूक होते. विक्रेत्याला सोसायटीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यायला सांगा आणि ७५,००० ची मागणी लेटरहेडवर मागा. अशा मागण्या सहसा कागदावर उतरत नाहीत. सभासदत्व नाकारलं तर उपनिबंधकांकडे अपील आहे.

ताळेबंद:
मला ७५,००० पेक्षा २,९०० ची काळजी वाटते. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के जमा व्हायला हवा. बिलात हे दोन रकाने आहेत का बघा. मग ऑडिट झालेला ताळेबंद घ्या: डावीकडे सिंकिंग फंड जेवढा दिसतो, साधारण तेवढ्या ठेवी उजवीकडे दिसल्या पाहिजेत. नसतील तर तो पैसा वॉचमन आणि लाइटबिलात गेला, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी तुम्ही आल्यावर निघणार. इमारत तिशीपुढची आहे, म्हणजे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) हवं. शेवटचा अहवाल मागा.

ही कागदपत्रं तुम्हाला थेट मिळणार नाहीत, तुम्ही सभासद नाही. अर्ज विक्रेत्याच्या सहीने करा. ‘नो ड्यूज’ (थकबाकी नसल्याचा दाखला) पण त्यालाच आणायला लावा. शेअर सर्टिफिकेट उलटून बघा: मागच्या तक्त्यात आधीच्या प्रत्येक विक्रीची नोंद आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. साखळीतलं एखादं नाव तिथे नसेल तर ते आधी निस्तरा.

सातबारा_ते_कार्ड:
‘प्रोसेसमध्ये’ला अर्थ नाही, टप्पा विचारा. मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स सरकारी आदेशाने मिळवण्याचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे जातो, आदेश निघतो, मुद्रांकाचा अभिनिर्णय होतो (शुल्क किती लागेल ते ठरतं), दस्त नोंदतात, मग मालमत्ता पत्रकावर (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, प्रॉपर्टी कार्ड) सोसायटीचं नाव चढतं. आदेश मिळून पुढे न सरकलेल्या सोसायट्या असतात. मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा काढा. नाव बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं असेल तर पुनर्विकासाच्या आशेने भाव वाढवून मागणाऱ्याला तेच दाखवून घासाघीस करा.

‘पार्किंगसह’ म्हणत असतील तर उघड्या जागेचे वेगळे पैसे देऊ नका. ती सोसायटीची, विक्रेत्याला विकता येत नाही.

उपविधी_वाचक:
भाड्याचं राहिलं. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी घेते ते) जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या, म्हणजे बिलातल्या वॉचमन, लाइट, सफाई अशा खर्चाच्या, १० टक्के. पूर्ण २,९०० वर नाही, पालिकेचे कर वगळूनच. तुमच्या बिलात सेवाशुल्क समजा १,५०० असेल तर महिना १५० च.